बिनपाकिटाची पत्रं

१९७८ साली मुंबईत वायरलेसची सेकंड क्लास परीक्षा पास झालो, तेव्हा सर्टिफिकेटाबरोबर एका कागदावर सही करावी लागली. रेडिओवर कुणाचीही तार कानावर पडली तरी ती ज्याची आहे त्यालाच सांगीन, बाकी कुणाला नाही, असा तो करार. वय एकवीस. सही करताना काही फार विचार केला असेल असं नाही.

सहा वर्षांनी, जहाजावरची नोकरी चालू असतानाच, मी हौशी रेडिओचा परवाना काढला. म्हणजे हॅम झालो. आपल्याकडचे त्याचे नियमही १९७८ सालचेच. त्या पुस्तकात हुकूम मात्र उलटा होता: गुप्त लिपीत, सांकेतिक भाषेत काहीही पाठवायचं नाही. माणूस तोच, मोर्सची कीही तशीच. वायरलेस रूमच्या खुर्चीत गुपित राखणं हे माझं कर्तव्य, आणि हॅमच्या खुर्चीत गुपित ठेवणं हा गुन्हा. चाळीस वर्षं मी या दोन खुर्च्यांमध्ये बसून काढली. म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.

आधी पहिल्या खुर्चीबद्दल. त्या काळी जहाजावर रेडिओ ऑफिसरला मार्कोनीसाब म्हणत. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल पट्टे असत. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळ्या जगाने गप्प बसायचं, बुडणाऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून. बाकीच्या वेळात आपलं नाव यादीत आहे का ते ऐकत बसायचं. बॉम्बे रेडिओ, म्हणजे व्हीडब्ल्यूबी, ठरल्या वेळी ज्यांच्या तारा पडून आहेत त्या जहाजांची नावं वाचून दाखवी. आपलं नाव आलं की हाक द्यायची, तार उतरवून घ्यायची, शब्द मोजायचे. हिशोब सुवर्ण फ्रँकमध्ये. ते नाणं मी जन्मात पाहिलं नाही, पण कागदोपत्री त्याचे हजारो व्यवहार केले.

एका संध्याकाळी आमच्या सारंगासाठी, म्हणजे खलाशांच्या मुकादमासाठी, तार आली. दाभोळकडचा माणूस, पन्नाशीचा, डेकवर त्याचा आवाज वाऱ्याच्या वर चढायचा. तार तीन ओळींची: मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, काळजी करू नका, पत्र मागाहून. पाकिटात घालून मी ती त्याच्या केबिनवर नेऊन दिली. त्याने ती उघडली, उलटीसुलटी केली आणि परत माझ्या हातात दिली. "वाचा तुम्हीच, साब." मी वाचली. तो बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग विचारलं, "कुणाला ठावं नाय ना?" मी म्हटलं, नाही. त्याने कागदाची चार वेळा घडी केली आणि डोक्यावरच्या टोपीच्या आत सरकवली. रात्री जेवणाच्या टेबलावर कॅप्टनने विचारलं, सारंग आज गप्प का? मी म्हटलं, काय कल्पना नाही बुवा.

अशा तारा बॉम्बे रेडिओकडून आमच्याकडे येताना त्या टप्प्यातलं कुठलंही जहाज ऐकू शकत होतं. मोर्सला भिंती नसतात. ऐकत असतीलही दहा-वीस मार्कोनी. पण त्या सगळ्यांनी त्याच कागदावर सह्या केलेल्या होत्या. गुपित राखलं जायचं ते ऐकणाऱ्यांच्या तोंडावरच्या कुलपामुळे. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आता दुसरी खुर्ची. हॅमने उघड बोललं पाहिजे हा नियम आला कुठून? माझ्या तरुणपणी वडीलधारे हॅम सांगत, अरे, हौशी माणसाला लपवायचं काय असतं? ऐकायला छान आहे. पण जुनी कलमं वाचली तर खरं कारण जरा कमी उदात्त निघतं. ते म्हणजे तारखात्याचं उत्पन्न.

अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं, कारण त्या कुणालाच नको होत्या. १९१४ साली हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्झिम यांना जवळच्याच स्प्रिंगफील्डला निरोप पोचवता येईना, म्हणून त्यांनी मधल्या गावच्या हौशी माणसाकरवी तो पोचवला, आणि त्यातून निरोप हातोहात पुढे नेणाऱ्यांची संघटना काढली. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या नावातला रिले तो हाच. गावोगावची पोरं एकमेकांचे निरोप फुकटात देशभर नेऊ लागली. जिथे तार पैसे मोजून जाते तिथे फुकटची तार सरकारांना आणि कंपन्यांना कशी परवडणार?

१९२७ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जगभरच्या सरकारांनी हौशी लोकांना लहरींचे अधिकृत पट्टे दिले, आणि बरोबर अटही घातली: वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी साध्या भाषेतच बोलायचं, आणि बोलणं प्रयोगांबद्दल तरी असावं, किंवा इतकं बिनमहत्त्वाचं खासगी असावं की त्यासाठी पैसे भरून तार करणं कुणाला सुचू नये.

बिनमहत्त्वाचं! आमच्या आख्ख्या हौसेचा पाया हा शब्द आहे. मला तो मनापासून आवडतो. हवामान, अँटेनाची उंची, आंब्याचा मोहोर, गुडघेदुखी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं हे घरात सांगायच्या आधी मी ४० मीटरच्या पट्ट्यावर बोलून गेलो. दुपारी कोल्हापूरच्या एका हॅमने चौकशीचा फोन केला, तो बायकोने उचलला. तेव्हा बिनमहत्त्वाच्या गोष्टींचंही महत्त्व मला कळलं.

दुसरं कारण युद्धाचं. १९१७ मध्ये अमेरिकेने हौशी केंद्रं बंद केली. १९३९ मध्ये हिंदुस्थानात परवाने रद्द झाले. हेर कुठल्या भाषेत बोलेल याचा नेम नाही, म्हणून सगळ्यांचीच तोंडं बंद. गंमत अशी, की १९४२ च्या लढ्यात मुंबईतून जे चोरटं काँग्रेस रेडिओ चाललं, उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचं, त्याच्या लहरी ४२ मीटरच्या आसपास होत्या, म्हणजे आमच्या चाळीस मीटरच्या शेजारीच. आणि त्यांचा मजकूर पूर्ण उघडा होता. गुप्त होती ती जागा. पोलिसांनी नोव्हेंबरात धाड घातली तीही त्या जागेवर. सरकारला खरी धास्ती कोड्यात बोलणाऱ्यांची की सरळ बोलणाऱ्यांची, हा प्रश्न मला कायम पडलेला आहे. इथे तो सोडून देतो.

युद्ध संपलं, तारेचं उत्पन्नही पुढे आटलं, पण साध्या भाषेचा नियम राहिला आणि त्याला नवं काम मिळालं. हॅमच्या पट्ट्यांवर दर कोपऱ्याला पोलीस नसतो. आमच्याकडे मुंबईत गोराईचं मॉनिटरिंग केंद्र आहे, पण ते किती कान लावणार? कुणी धंद्याचं बोलतो आहे, कुणी शिवीगाळ करतो आहे, कुणी परवान्याशिवाय घुसला आहे, हे पकडतात बाकीचे हॅम. गावच्या विहिरीवर कोण कसं पाणी भरतं ते जसं सगळे बघतात, तसं. ऐकता आलं तरच राखण. नियम जुनाच होता, पण जन्मला एका कारणासाठी आणि जगला दुसऱ्याच कारणासाठी.

मग आले कॉम्प्युटर.

१९७८ मध्ये कॅनडात, माँट्रियलच्या हौशी लोकांनी मजकुराचे छोटे तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता लिहून ते रेडिओवरून पाठवले. पाठोपाठ व्हँकूव्हरच्या मंडळींनी त्यासाठी लागणारी डबी बनवली, पुढे ॲरिझोनातल्या टूसॉनच्या गटाने ती जगभर पोचवली, आणि १९८४ मध्ये एएक्स-२५ नावाचा तिचा करारनामा पक्का झाला. हे पॅकेट रेडिओ. पॅकेट म्हणजे आपलं पाकीट. फक्त या पाकिटाला झाकण नव्हतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते १९९१ च्या वसंतात. आमचं जहाज कोळसा भरायला अमेरिकेच्या हॅम्प्टन रोड्सला लागलं होतं. बर्थ मिळायला उशीर, म्हणून तिथल्या एका हॅमने मला घरी नेलं. त्याच्या तळघरात व्हीएचएफचा सेट, ती डबी आणि दोन कॉम्प्युटर होते, कारण तो एक बुलेटिन बोर्ड चालवत असे. भोवतालचे हॅम त्याच्याकडे पत्रं टाकत आणि रात्री त्याचं यंत्र ती आपोआप पुढच्या गावच्या यंत्राकडे ढकलत असे. त्याने मला आज्ञा शिकवल्या. सगळ्यांसाठीचं पत्रक असेल तर एसबी टाइप करायचं. एकट्यासाठी असेल तर एसपी. यातला पी म्हणजे प्रायव्हेट, खासगी.

मी एसपी टाइप करून त्यालाच एक पत्र लिहिलं: पाहुणचाराबद्दल आभारी आहे, तुमची कॉफी मात्र फार पातळ. तो हसला आणि त्याने दुसऱ्या पडद्याकडे बोट केलं. तिथे सेटवरून नुसतं ऐकणारा दुसरा कॉम्प्युटर होता, कुठेही न जोडलेला. झर्र झर्र असे आवाज येत होते, आणि माझं खासगी पत्र ओळीमागून ओळ उमटत होतं. कॉफीसकट. आजूबाजूच्या वीस-तीस मैलांत ज्याने ज्याने असा पडदा चालू ठेवला असेल त्याच्याही घरी ती कॉफी पोचली होती.

पण त्या दिवशी त्याचं लक्ष माझ्या पत्रात नव्हतं. जानेवारीत, आखाती युद्धाच्या धामधुमीत, कुणा हॅमने एक पत्रक टाकलं होतं. युद्धाला विरोध नोंदवायचा तर अमुक नंबरला फोन करा. तो नंबर ९०० ने सुरू होणारा, म्हणजे फोन करणाऱ्याला जादा पैसे पडणारा. हौशी पट्ट्यावर पैशाच्या व्यवहाराला बंदी. पत्रक एका बोर्डावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आपोआप गेलं, आणि सरकारी दळणवळण आयोगाच्या नॉरफोक कचेरीने ज्यांच्या यंत्रांनी ते पुढे नेलं त्या अनेक चालकांना नोटिसा धाडल्या. ते झोपेत असताना त्यांच्या यंत्राने काय नेलं याचा जाब.

माझा यजमान त्या नोटिशीतून वाचला होता, पण घाबरला होता. म्हणाला, आता मी प्रत्येक पत्र वाचल्याशिवाय पुढे सोडत नाही. मला हे विचित्र वाटलं. पोस्टमनला पत्रातल्या मजकुराबद्दल धरायचं, मग पोस्टमनने प्रत्येक पत्र फोडायचं. वाद तीन वर्षं चालला. १९९४ मध्ये आयोगाने नियम बदलला: पत्र आधी ज्याच्या यंत्रात शिरलं त्याने लिहिणाऱ्याची खात्री करावी, नाहीतर जबाबदारी घ्यावी, पुढच्या हमालांना माफी. निकाल शहाणपणाचा होता असं मी आजही म्हणतो. पण एक नोंद करून ठेवायला हवी. ते पत्रक पकडलं गेलं कारण ते उघडं होतं. ते कुणाला वाचताच आलं नसतं, तर ते पकडणार तरी कोण?

आता ते वाचता न येणं कसं आलं, ते सांगतो. इथे खलनायक कुणी नाही, म्हणून ही गोष्ट मला जास्त रंजक वाटते.

जहाजावर ऐंशीच्या दशकात आमच्याकडे रेडिओ टेलेक्स आला. सायटॉर म्हणत त्याला. तीन अक्षरं पाठवायची आणि थांबायचं. समोरच्याने "मिळालं" किंवा "परत पाठव" म्हणायचं. मग पुढची तीन. एक फेरी ४५० मिलिसेकंदांची. चिक-चिक-चिक असा रातकिड्यासारखा आवाज रात्रभर रूममध्ये भरून असे. झोपेतही तो बदलला तर मला जाग येई. इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी तेच तंत्र हौशी लोकांसाठी बसवलं आणि त्याला ॲमटॉर नाव दिलं. आभाळात कितीही खरखर असली तरी मजकूर शुद्ध पोचतो, कारण चुकलेला तुकडा पुन्हा मागता येतो.

मागता येतो तो ज्याच्याशी बोलणं चाललं आहे त्याला. बाजूने ऐकणाऱ्याला मागता येत नाही. त्याचं एक अक्षर वादळात गेलं की गेलं. तरी ॲमटॉरमध्ये बाकीचं वाचता येई. गाळलेल्या जागा भरा, शाळेतल्यासारखं.

पुढची पायरी जर्मनीची. १९९० च्या आगेमागे तिथल्या दोन हौशी अभियंत्यांनी ॲमटॉर आणि पॅकेट या दोघांचे गुण एकत्र करून पॅक्टर बनवलं. पुढे त्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या आवृत्त्या आल्या, जलद आणि चिवट. त्या वापरायला हानाउच्या एका कंपनीचा मोडेम लागे, किंमत हजार डॉलरच्या घरात. इकडे अमेरिकेत व्हिक पूर या गृहस्थांनी ॲमटॉर आणि पॅकेट जोडणारा प्रोग्राम लिहिला होता. हे तेच व्हिक पूर, ज्यांनी डेटापॉइंट कंपनीत आखलेल्या रचनेवरून इंटेलची ८००८ ही चिप पुढे आली. त्यांच्या प्रोग्रामातून विनलिंक उभं राहिलं, आणि साधारण २००० पासून त्याला इंटरनेटची जोड मिळाली. प्रशांत महासागरातला शिडाच्या बोटीवरचा हॅम रेडिओवरून पत्र सोडणार, किनाऱ्यावरचं केंद्र ते घेऊन इंटरनेटवर टाकणार, आणि घरच्यांना ते ई-मेल म्हणून मिळणार.

लहरींची वाट अरुंद, म्हणून पत्र आधी दाबून लहान करायचं. त्यासाठी एलझेडहफ नावाची जपानी युक्ती वापरली जाते. तिच्यात वारंवार येणारी अक्षरं थोडक्यात लिहिली जातात, आणि पुढचा प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्यावर अवलंबून असतो. मध्ये एक तुकडा हुकला की पुढचं सगळं भुसा. पत्र मिळणाऱ्याला हुकलेला तुकडा परत मागता येतो. शेजाऱ्याला नाही.

म्हणजे कुलूप कुणीच लावलेलं नाही, किल्लीही नाही, पण दार उघडत नाही.

यावर कायदा काय म्हणतो? अमेरिकेचा नियम असा आहे की अर्थ झाकण्याच्या हेतूने संदेश सांकेतिक करू नये. २००३ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत १९२७ ची साधी भाषा जाऊन आंतरराष्ट्रीय नियमातही हाच हेतू आला. सूट फक्त उपग्रहाला पृथ्वीवरून दिल्या जाणाऱ्या आज्ञांना. ती रास्तच आहे. आपला हॅमसॅट २००५ साली श्रीहरिकोट्याहून वर गेला, त्याचं बटण कुणीही रिकामटेकड्याने दाबावं असं कोण म्हणेल?

सगळा घोळ त्या हेतू शब्दात आहे. तो मला मोडीने समजला.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचं एक दप्तर आहे. खोतीचे हिशोब, कुणाचं कर्ज, कुणाचा वाटा. सगळं मोडीत. माझे आजोबा ते वर्तमानपत्रासारखं वाचत. वडील अडखळत. मला एक ओळ येत नाही. मोडी काही लपवायला काढलेली नव्हती. बोरू न उचलता भराभर लिहिता यावं म्हणून ती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तिचे हजारो रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, आणि वाचणारे इतके थोडे की ते कागद गुप्त असल्यासारखेच झालेत. याच्या उलट गुरांच्या बाजारातला रुमाल. दोन दलाल भर बाजारात, शंभर माणसांसमोर, रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात आणि भाव ठरवतात. तिथे हेतूच झाकण्याचा.

विनलिंकवाले म्हणतात, आमची मोडी आहे. विरोधक म्हणतात, असेल. पण बाजारात उभं राहणाऱ्याला रुमाल आणि मोडी यातला फरक कसा कळायचा?

२०१९ मध्ये हा वाद अमेरिकेत चव्हाट्यावर आला. एका हॅमने आयोगाकडे अर्ज केला की हौशी पट्ट्यावरचा प्रत्येक डिजिटल संदेश कुणालाही हवेतून थेट वाचता आला पाहिजे. थिओडोर रॅपपोर्ट यांच्यासारखे बिनतारी तंत्रातले नावाजलेले प्राध्यापक त्या बाजूला उभे राहिले. देशाच्या सुरक्षेचाही मुद्दा निघाला. आरोप असा, की शिडाच्या बोटीवाले फुकटात धंद्याची पत्रं पाठवतात आणि कुणाला ती दिसत नाहीत. म्हणजे ९०० नंबरच्या पत्रकाचा प्रश्नच, फक्त या खेपेला अदृश्य. दुसऱ्या बाजूला बोटीवाले आणि आपत्तीत काम करणारे हॅम. त्यांचा मुद्दाही हलका नव्हता. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केलं तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसने हौशी रेडिओवाल्यांना हाक दिली होती. बावीस जण बेटावर गेले, आणि वाचलेल्या माणसांची नावं बाहेर पोचवण्याच्या कामात विनलिंकचा उपयोग झाला. घरच्यांना खुशाली कळण्याशी मतलब. ती वाटेत कुणाला वाचता येते की नाही, हे त्या वेळी विचारणारा मला तरी मूर्ख वाटला असता.

याच पंथातली आणखी एक मागणी २०१३ ची. मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॅमचं म्हणणं होतं की आपत्तीत जखमींची माहिती पाठवताना सरळ कुलूप लावायचीच परवानगी द्या, रुग्णाची खासगी बाब आहे. आयोगाने नकार दिला. हौशींच्या संघटनेचाही विरोध होता. सारंगाची टोपी आठवली की मला या अर्जदाराबद्दल सहानुभूती वाटते. पण नकार बरोबर होता. जे झाकायचंच आहे त्यासाठी पोलिसांचं वायरलेस आहे, फोन आहेत, आता सॅटेलाइट आहे. आमचा पट्टा मुळात बिनमहत्त्वाच्या गोष्टींसाठी मिळालेला आहे.

२०१९ च्या भांडणावर विनलिंकने तोडगा काढला. आपल्याकडून गेलेली पत्रं कुठल्याही परवानाधारक हॅमला आपल्या वेबसाइटवर वाचता येतील अशी खिडकी उघडली. मोडेमच्या कंपनीनेही बाजूने ऐकण्याचं एक सॉफ्टवेअर फुकट दिलं. पुष्कळांना वाटलं, प्रश्न मिटला.

मला नाही वाटत. विहिरीवर मी स्वतः उभा राहून बघणं वेगळं, आणि पाटलाच्या वाड्यात जाऊन त्याने लिहिलेली वही बघणं वेगळं. वही खरी असेलही. पण ती पाटलाची आहे. तो उद्या खिडकी लावून घेऊ शकतो. दुसरी गोष्ट माझ्या पहिल्या खुर्चीतली. हवेतलं बोलणं ऐकलं आणि विरलं. ज्याने ऐकलं त्याने चारचौघांत सांगू नये, ही सभ्यता आमच्या दोन्ही धंद्यांत सारखी होती. साठवून ठेवलेल्या पत्राला ती सभ्यता लागू होत नाही. ते दुसऱ्या वर्षीही कुणी उकरून बघू शकतो. उघडेपणाच्या नावाखाली ही चावडी झाली, आणि हवेत मात्र अजूनही मुकी खरखरच आहे.

माझं मत म्हणाल तर असं: दाबा, लहान करा, जलद पाठवा, पण युक्ती अशी वापरा की कुणा कॉलेजच्या पोराला तिचं वर्णन वाचून स्वतःचा वाचक बनवता यावा. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी आवाज दाबण्याची कोडेक-२ नावाची युक्ती अशीच सगळ्यांसाठी खुली लिहिली आहे. होत नाही असं नाही. पण मतांनी काय होतं? २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या आयोगाने १९८० पासूनची ३०० बॉडची वेगमर्यादा काढून टाकली. सिग्नलची रुंदी तेवढी २.८ किलोहर्ट्झवर बांधली. मोडेम आणखी जलद होतील. नवे तर निम्मे सॉफ्टवेअरच आहेत. स्पेनच्या एका हॅमने बनवलेला व्हारा साध्या साउंड कार्डावर चालतो, पण त्याच्याही पोटात काय आहे ते तोच जाणे.

१९९९ च्या फेब्रुवारीत जहाजांवरून मोर्स आणि मार्कोनी दोघेही अधिकृतपणे उतरले, त्यांत मीही होतो. आता संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या घरी १४ मेगाहर्ट्झवर सेट लावून बसतो. मोर्स वाचतो. कधी पॅक्टरची खळखळ ऐकू येते, दगडगोट्यांतून ओहोळ वाहावा तशी. सिग्नल भक्कम असतो. आवाजावरून कुठली आवृत्ती तेही सांगतो. दोन यंत्रं एकमेकांना "मिळालं, मिळालं" म्हणताहेत हे कळतं. काय मिळालं ते कळत नाही. इतकी वर्षं या कानांनी पोट भरलं, आणि आता ते दप्तर उघडून बसलेल्या माझ्यासारखे झालेत.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. वर लिहिलेल्या तारेतलं गाव मी बदललं आहे, आणि मजकूरही. लग्न वगैरे काही नव्हतं. टोपी मात्र खरी. त्या सर्टिफिकेटाबरोबरच्या कागदावर मुदत लिहिलेली नव्हती.